खडूनं लिहिलेली ईद

आमच्या चादरीच्या कारखान्यात हजेरी मांडणारा एक कारकून आहे. वर्षाच्या सुट्ट्यांचा फळा तोच लिहितो. सव्वीस जानेवारी, एक मे यांचे वार त्याला तोंडपाठ. म्हणतो, "मागच्या सालचा वार एकानं पुढं सरकवायचा, मधी एकोणतीस फेब्रुवारी आली तर दोननं." दिवाळीपुरतं पंचांग उघडतो. सुट्टी रविवारी आली की तोंड पाडून म्हणतो, "ही गेली की." सगळं तो रंगानं लिहितो, ईद मात्र खडूनं.

यंदा सुट्ट्यांच्या छापील यादीत ईद गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी चंद्र दिसला नाही, म्हणजे ईद शुक्रवारी. मालक म्हणाले, "यादीत गुरुवार आहे, सुट्टी गुरुवारीच. शुक्रवारी माग चालतील. न येणाऱ्याचा खाडा मांड."

कारकुनानं तळहातानं 'गुरुवार' पुसला. "यादी छापल्याली हाय मालक, चंद्र न्हाय." मग 'शुक्रवार' लिहून त्यानं खाली सही केली.

मी शेजारीच चादरींचे गठ्ठे बांधत होतो. मान वर केली नाही.

शुक्रवारी मालकांनी माग सुरूच ठेवले. मी कामावर गेलो, तर हजेरीपुस्तक त्याच्या टेबलावर उघडं पडलेलं. ईद असलेल्या कामगारांच्या नावांपुढं त्यानं बुधवारीच 'सुट्टी' लिहून ठेवलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरी ईद नसते. पानावर खाडा एकच होता, त्याच्याच नावापुढं, त्याच्याच अक्षरात.

पेन तिथंच होतं. मी माझ्या नावापुढं दुसरा खाडा मांडला आणि फाटकाबाहेर पडलो.