सणासुदीलाही तासाभरात

दत्ताराम उतेकरांना मी कधी ताजंतवानं पाहिलेलं नाही. सोमवारी सकाळीही हा माणूस शनिवारी संध्याकाळी दिसावा तसा दिसतो. महाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतात आणि मी खरेदी विभाग. म्हणजे त्यांना हवं ते मी विकत आणायचं, आणि ते बिघडलं की शिव्या दोघांनी वाटून खायच्या.

कारखान्याला पाणी येतं ते सावित्रीच्या काठच्या पंपघरातून. ते पडलं गावाबाहेर. तिथली पातळी बघायला, पंप चालतोय ना याची खात्री करायला कोणीतरी जाणतं माणूस तिथे लागतंच. एरवी पाळ्या लावून निभतं. पण गणपती जवळ आले की आमच्याकडे रजेच्या अर्जांचा ढीग पडतो. कोणाच्या घरी पाच दिवसांचा, कोणाच्या घरी सात दिवसांचा. सगळे जातात आणि मागे उरतात उतेकर. 'तुम्ही आहातच' हे वाक्य मी त्यांच्यासमोर इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकून मलाच चीड यायला लागली. त्यांना येत नाही. नाही म्हणायची सवयच नाही, तर चीड कुठून येणार?

त्यांचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. घरी म्हातारी आई, ठकूबाई. गौरीच्या दिवशी ती नैवेद्याचा डबा भरून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायची. उतेकर तो पंपघरात एकटे बसून खायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग मुंबईच्या ऑफिसातून फर्मान आलं. पंपघरात सेन्सर बसवा, आकडे वायरलेसने कारखान्यात आणा, बिघाड झाला तर मेसेज मोबाइलवर. आमच्या कारखान्याच्या सायबांना त्यात पगारांची बचत दिसली. उतेकरांना एकच गोष्ट दिसली. मागणीपत्रावर सही करता करता मला म्हणाले, "मॅडम, हे नीट बसलं ना, तर औंदा गौरीला मी घरी. आईला आता नीट दिसत पण नाय. पुढल्या वर्षाचं कोणी सांगावं."

त्यानंतर या माणसाने त्या कामाचा जो पिच्छा पुरवला, तो मी विसरणार नाही. पुण्याहून एकेक कंपनीवाले लॅपटॉप घेऊन येत. सिमकार्डवालं यंत्र सगळ्यांत स्वस्त. सायेब त्याच्यावरच अडून बसले. उतेकरांनी ते विकायला आलेल्या टायवाल्या मुलाला एवढंच विचारलं की हे गणपतीत चालेल का. मुलगा हसला. यंत्राला कसले आलेत सणवार, म्हणाला.

उतेकर वाद घालत नाहीत. त्यांनी नमुन्याचं यंत्र मागून घेतलं आणि शिमग्याला पंपघरात लावलं. शिमग्याला सगळे चाकरमानी गावात, हायवेवर गाड्यांची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात पालखीचा व्हिडिओ पाठवणारा फोन. टॉवर पार गुदमरला. संध्याकाळी पाठवलेला आकडा दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला पोचला. सायबांनी सिमकार्डाचा हट्ट सोडला. केबल टाकायची तर हायवेच्या खोदकामात ती कितीदा तुटणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. शेवटी स्वतःचा रेडिओ ठरला. पंपघरावर एक खांब, कारखान्यावर एक खांब, मध्ये कोणाच्या टॉवरचं देणंघेणं नाही.

राहिला देखभालीचा करार. ते काम माझ्या गळ्यात. कंत्राटदार हर्षद इथला महाडचाच, गोड बोलून गूळ विकणारा. त्याने आणलेल्या छापील मसुद्यात लिहिलं होतं, बिघाड कळवल्यापासून चार तासांत माणूस येईल, सुट्ट्या व सण वगळून. उतेकरांनी पेन मागितलं आणि 'वगळून' खोडलं. पुणेकर माणूस नको, घाट बंद झाला तर तो येणार कुठून? माणूस तालुक्यातलाच हवा. सणासुदीलाही तासाभरात हजर हवा. आणि दुरुस्तीनंतर आकडे दोन तास स्थिर राहीपर्यंत त्याने जागा सोडायची नाही.

हर्षदने लगेच मान डोलावली. का नाही डोलावणार, जायचं त्याला थोडंच होतं? त्याच्या शेजारी समीक्षा बसली होती. दासगावची मुलगी, डिप्लोमा झालेली, हाताला चांगली. हर्षद म्हणाला, आमची समीक्षा येईल की. तिला कोणी विचारलंच नाही. मी सगळं टाइप केलं, सह्या झाल्या. मे महिन्यात समीक्षाचं लग्न झालं. सासर जवळच, नाते गावात. उतेकर आणि मी जेवूनही आलो.

गणपती आले आणि उतेकर खरंच रजेवर गेले. अर्ज बघून ऑफिसात दोघातिघांनी मला येऊन विचारलं, आजारी आहेत का?

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी यंत्राने आपलं काम चोख केलं. आदल्या दिवसांत वरच्या गावांत विसर्जनं झाली होती. हार, दुर्वा, केळीची पानं वाहत आली आणि पातळी मोजणाऱ्या नळीत अडकली. आकडा चुकला, पंप आपोआप बंद झाला. हायवे मुंबईच्या गाड्यांनी तुंबलेला, फोन धड लागत नव्हते, पण रेडिओने क्षणात कारखान्यात बातमी पोचवली. पुढचं काम करारानुसार झालं.

उतेकरांच्या गावात रेंज फक्त देवळापाशी. देवाला जायच्या निमित्ताने ते तिथे गेले. रजेवरचा माणूस फोन बघणार नाही, असं होतं का कधी? मेसेज दोन होते. पंप बंद. आणि त्याखाली, माणूस पोचला, समीक्षा.

ते मला नंतर म्हणाले की नाव वाचलं आणि आधी ओवसा आठवला. नवी सून पहिल्यांदा गौरीपुढे सुपं ओवाळते, वडीलधाऱ्यांच्या पाया पडून त्यांना सूप देते, हा ओवसा. तो दरवर्षी येत नाही. गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास याव्या लागतात. यंदा आल्या होत्या. पुढल्या वर्षी अधिक महिना, गौरी उशिरा, म्हणजे पूर्वा टळली. आज हुकलं की नव्या सुनेने सुपं घेऊन कधी बसावं?

त्यांनी फोन लावला. बऱ्याच वेळाने लागला.

"सर, पोचले मी वेळेत," समीक्षा म्हणाली. "नळी साफ करतेय."

"ओवसा?"

"सासूबाई थांबल्यात दिवेलागणीपर्यंत. पण साफ झाल्यावर दोन तास बसायचंय ना सर. वर पाऊस, हायवे जाम. बघू. नाय तर नाय."

त्या 'नाय तर नाय'मध्ये स्वतःचाच आवाज ऐकू आला, असं उतेकर म्हणाले. इतकी वर्षं ते हेच म्हणत आले होते.

ते घरी परतले, रेनकोट चढवला, मोटारसायकल काढली आणि जरा जाऊन येतो एवढंच आईला म्हणाले. आरती व्हायची होती. म्हातारीने का, कुठे, काही विचारलं नाही. आत जाऊन डबा घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला.

पंपघरात पोचले तेव्हा समीक्षाचं काम आटोपलं होतं. हिरवा चुडा, चिखलाने भरलेली सलवार, समोर आकड्यांची पेटी. त्यांनी तिच्याकडून किल्ल्या घेतल्या आणि म्हणाले, "जा गो. आकड्यांकडे मी बघतो. सुपं वाट बघतायत."

ती हर्षदसरांना काय सांगू म्हणाली. ते म्हणाले, सांग, ज्याने कलम लिवलं तोच बसलाय. ती गेली. दिवेलागणीच्या आत पोचली, हे मला तिनेच सांगितलं.

उतेकर पेटीसमोर बसले. आकडे हलत नव्हते. मग त्यांनी डबा उघडला. घावन आणि घाटलं, गौरीचा नैवेद्य. घावन गार, वातड झालेले. निघताना भरले असते तर वाटेत गार झाले असते, पण इतके वातड नाहीत. हा डबा सकाळीच भरलेला होता, उतेकरांनी मेसेज वाचायच्या आधी.

रात्री पावसाने परतीची वाट अडवली, म्हणून दुसऱ्या दिवशी गौरी-गणपती पोचवायच्या वेळेला ते घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरी होतो, तरी डबा का भरलास, असं त्यांनी आईला विचारलं.

"तू आलास खरा," ठकूबाई म्हणाली, "पण तू राहशील असं मला कुठं वाटलं होतं रे."

हे सांगताना उतेकर माझ्याकडे बघत नव्हते. करार पुढच्या वर्षासाठी माझ्या टेबलावर आलाय. त्या कलमाचं काय करू म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, कोणीतरी जायला तर लागणारच ना, मॅडम. आणि मी पुढे केलेला पुढच्या गणपतीच्या रजेचा अर्ज तसाच कोरा माझ्याकडे ठेवून पंपघराकडे निघून गेले.