घरातल्या चपला

सासूबाईंच्या तळपायांना काही कळत नाही, हे त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

साखर त्यांना माझ्या लग्नाआधीपासूनची. सुरुवातीला गोळ्या, मग इन्सुलिन, मग डोळ्यांना लेझर, मग पायांना मुंग्या. मुंग्या होत्या तोवर निदान तक्रारी होत्या. पाय पंख्याकडे करून पडायच्या आणि घरभर ऐकू जाईल असं कण्हायच्या. घर म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली, त्यामुळे घरभर ऐकू जायला फार कष्ट पडत नसत. मग एका वर्षी मुंग्या थांबल्या. त्यांनी देवाला नारळ ठेवला आणि शेजारीपाजारी सांगून आल्या की पाय बरे झाले.

"आई, हे बरं होणं नव्हे," मी म्हटलं. "नसा गेल्यात. म्हणून कळत नाही."

"तुका कोणाचा बरा झालेला बघवतच नाय," त्या म्हणाल्या.

साखर मलाही आहे. मी गोळी घेते, सकाळी चालून येते, शिवडीला ऑफिस गाठते आणि त्याचा गाजावाजा करत नाही. त्यामुळे या आजारावर घरात बोलायचा हक्क फक्त त्यांचा, असं आपोआपच ठरलेलं आहे.

परळच्या ज्या हॉस्पिटलात त्यांची औषधं चालू होती तिथे पायांची वेगळी ओपीडी असते. एकदाचं मी त्यांना तिथे नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. तिच्या हातात काडीला लावलेला नायलॉनचा जाड दोरा होता. तो तळव्याला ठिकठिकाणी टोचायचा आणि पेशंटने, कळलं की, हो म्हणायचं, एवढीच तपासणी.

"आजी, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि भजनात टाळ धरावा तशा ठेक्यात हो म्हणू लागल्या. हो. हो. हो. डॉक्टरने दोरा बाजूला नेऊन नुसता हवेत धरला. हो. हो. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

"आजी, आता अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही," ती म्हणाली. "घरातसुद्धा. काही टोचलं, भाजलं, तर तुम्हाला कळणार नाही. जखम चिघळली की बोट जातं, आणि तिथे थांबलं नाही तर पाय जातो."

"घरात चपला?" सासूबाईंनी डोळे उघडले. "तुज्या घरात देव नाय?"

डॉक्टरला वाटलं आजी गंमत करताहेत. मला पुढचे काही महिने दिसले.

आमच्या खोलीत दारातून आत आलं की समोर देव्हारा, त्याला लागून ओटा, ओट्याच्या अलीकडे खाट. देव, अन्न आणि माणसं यांच्यात कुठेच अंतर नाही. आमच्याकडे चपला दाराबाहेर निघतात, याला अपवाद नाही. एकदा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर असल्यामुळे तसाच आत आला, तर सासूबाईंनी नंतर फरशी दोनदा पुसून घेतली. माझ्याकडून.

मी मऊ तळाच्या चपला आणल्या. त्यांनी त्या गॅलरीतल्या रॅकवर ठेवल्या. मी आणून खाटेखाली ठेवल्या. संध्याकाळी ऑफिसातून आले तर परत रॅकवर. मी म्हटलं, निदान मोजे घाला. मोजे घालून त्या मोरीच्या तोंडाशी घसरल्या आणि मोजे हे माझंच कारस्थान होतं असं ठरलं. नवऱ्याला मध्ये घातलं. तो म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे." यासाठी माणसाला विचारायचं.

शेवटी वाट त्यांनीच काढली. एका सकाळी म्हणाल्या, "ती चपला धू. कोरी असत ना? एकदापण भायर घातलेली नाय?"

मी मोरीत साबणाने चपला धुतल्या. त्यांनी स्वतः पुसून पट्ट्यावर हळदकुंकू लावलं आणि मुलाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. आम्ही कोकणातले, घरात काहीही नवं करायचं तर देवाला गाऱ्हाणं घालून कळवल्याशिवाय आमचं पान हलत नाही. नवऱ्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही जी तुजी लेकरा आज तुज्या पायाकडे उभी असत, तेंच्या आवशीच्या पायाक दुखना असा. म्हणान ती घरात चपला घालतली. काय चुकला माकला तर माफी कर म्हाराजा. ही चपला कधी उंबऱ्याच्या भायर जावची नायत, आणि भायरची घाण घरात हाडूची नायत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. "व्हय म्हाराजा," मीही म्हटलं, कारण आठ वाजून गेले होते आणि काम झालं होतं. त्या गाऱ्हाण्यातलं एक वाक्य जरा जास्तच पक्कं झालंय, हे तेव्हा ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण डोकं ऑफिसच्या बसकडे लागलेलं होतं.

त्यानंतर सासूबाई घरात ऐटीत चपला घालून फिरू लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. आणि दाराशी आल्या की उंबऱ्याच्या आत त्या नीट जोडून काढायच्या, अनवाणी बाहेर पडायच्या आणि रॅकपर्यंत जाऊन बाहेरच्या चपला घालायच्या. गॅलरीत नुसतं उभं राहायचं असेल तर त्याही घालायच्या नाहीत.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडावं की हसावं कळेना. "आई, आत पुसलेली फरशी. तिथे चपला. आणि बाहेर अख्ख्या मजल्याची वर्दळ, तिथे अनवाणी?"

"मगे? ती भायर कशी नेव? देवाक शब्द दिलोहा."

"मग बाहेरच्या चपला दाराला लागून ठेवते. पाय टाकला की चप्पल."

"ठेव."

ठेवल्या. झाडणारी बाई त्या सरकवायची, मुलं लाथेने उडवायची, मी पुन्हा जागेवर आणायची. कसंबसं चाललं होतं, तेवढ्यात दिवाळी आली. दिवाळीत दाराशी रांगोळी. रांगोळीवर चपला कशा ठेवणार? त्या पुन्हा रॅकवर गेल्या.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. गॅलरीत सगळ्या मजल्यावरची पोरं फुलबाज्या लावत होती. जळलेल्या तारा टाकायला मी पाण्याची बादली ठेवली होती. अर्ध्या बादलीत पडत होत्या, अर्ध्या जिथे विझतील तिथे. मी आत चिवडा भरत होते. सासूबाई चकल्यांचा डबा घेऊन बाहेर गेल्या, कठड्याशी उभ्या राहिल्या आणि पोरांना वाटू लागल्या.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "कोणाचा काय जळता गो? वास येता."

मी ओट्याकडे बघितलं. गॅस बंद होता. बाहेरून शेजारणीची किंचाळी आली. "काकी, पाय! पाय उचला!"

मी धावले. सासूबाई शेजारणीकडे बघत होत्या, ही का ओरडते ते न कळून. मग त्यांनी उजवा पाय उचलला. तार डाव्या पायाखाली होती.

शेजारणीने त्यांना धरलं, मी पाय उचलला. तार कातडीला चिकटून वर आली. सासूबाईंचा चेहरा तसाच. डबा हातात तसाच. "पडली की काय चकली खाली?" त्यांनी विचारलं.

"टूथपेस्ट लाव," कुणी म्हणालं. "बटाटा किसून लाव." "शाई लावतात ना?" मी सगळ्यांना बाजूला करून त्यांना मोरीत बसवलं आणि पायावर नळ सोडला. त्या म्हणत राहिल्या, "माका काय्येक दुखना नाय. दुखना नाय ता बघूक कित्याक व्हया?" या एका वाक्यात त्यांचा अख्खा आजार आहे. दुखत असतं तर त्यांनी एव्हाना चाळ डोक्यावर घेतली असती.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. ड्रेसिंग, अँटिबायोटिक, साखर ताब्यात ठेवा. हे ताब्यात ठेवणं दिवाळीच्या आठवड्यात. बघायला येणारा प्रत्येक जण हातात फराळ घेऊन आला आणि "एका लाडवाने काय होतं" म्हणून गेला. एका लाडवाने काय होतं ते सकाळी मशीनवर मला दिसायचं. एकदा करंजीची नुसती पारी सापडली, कुरतडलेली, उशीमागे.

"आई, हे काय?"

"मैदो खावक नाय मी. मैदो वाईट. आतला सारण तेवढा खाल्लंय."

मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन ड्रेसिंगला नेत होते, टॅक्सी जिन्याशी उभी करून त्यांना धरून उतरवत होते, आणि इथे खोबरं आणि साखर वेचून खाणं चाललं होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते शेजारच्या चार खोल्यांनी ऐकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं. डॉक्टर म्हणाली, बोट आता काढलं तर पाय वाचेल. थांबलात तर सांगता येत नाही. सासूबाईंनी तिला विचारलं, "खय ठेवतलास ता बोट?" ती गडबडली. तिला अजून सवय झाली नव्हती. मी सही केली.

पाय वाचला. घरी आल्यावर सासूबाई बरेच दिवस खाटेवरून देव्हाऱ्याकडे बघत पडून असायच्या. मला वाटलं, बोटाचं दुःख. पण ते नव्हतं. एका दुपारी म्हणाल्या, "देवाक ती चपला रुचली नाय. म्हणान असा झाला."

आता मात्र माझी हद्द झाली. "आई," मी म्हटलं, "चपला घातल्या होत्या तिथे तुम्हाला काही झालं का? आत काही झालं का?"

"नाय."

"काढल्या तिथे झालं. मग देवाला काय रुचलं नाही? घालणं की काढणं?"

 त्यांनी चहा घेतला, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून. रविवारी सकाळी मुलाला म्हणाल्या, "नारळ घे. जिन्यार चल."

मला वाटलं, आता हे काय नवीन. मुलाच्या खांद्याला धरून त्या घरातल्या चपला घालून उंबऱ्यापर्यंत आल्या, थांबल्या, आणि चपला न काढता बाहेर पाऊल टाकलं. गॅलरीच्या टोकाला, जिना जिथे सुरू होतो तिथे, नारळ ठेवून नवऱ्याने गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, आजपासून आमच्या घराचो उंबरो हय असा. हयसर येवपर्यंत सगळा घरातच. ह्या मान्य करून घे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा!" मजल्यावरचे सगळे दाराशी येऊन उभे होते, तेही म्हणाले.

शेजारीण म्हणाली, "काकी, म्हणजे आम्ही आता तुमच्या घरात राहतो का?"

"ऱ्हवा. भाडा मागूचंय नाय. पण माज्या घरात फुलबाजे लावूचे नाय."

पोरं तेव्हापासून फुलबाज्या खाली पटांगणात लावतात. झाडणारी बाई कुरकुरते की काकी तिच्या गॅलरीला स्वतःचं घर समजून कचरा दाखवतात. दाखवू देत. मला दाराबाहेरच्या चपलांवर आता रोज नजर ठेवावी लागत नाही, एवढं पुरे.

जखम पूर्ण भरल्यावर शेवटच्या तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरने सासूबाईंचा पाय बघितला, खूश झाली, आणि मग माझ्या सँडलकडे बघून म्हणाली, "साखर तुम्हालाही आहे ना? घरात चप्पल घालता?"

"मला कुठे वेळ आहे," मी म्हटलं.

हे काही उत्तर नव्हतं. सासूबाई खुर्चीत सरसावून बसल्या. मला टेबलावर चढावं लागलं.

"डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले. हो. हो. मग जरा शांत गेलं. बराच वेळ झाला असं वाटलं, आता टोचलं असेल असं वाटलं.

"हो," मी म्हटलं.

"खोटा सांगा नको गो," सासूबाईंचा आवाज आला. "टोचूक नाय अजून तिनी."

नंतर एका जागी, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, डॉक्टरने दोरा टोचला आणि मी गप्प राहिले. तिने तो दोन वेळा टोचला म्हणे. मला खरंच काही कळलं नाही. "सुरुवात आहे," ती म्हणाली. "आता सांभाळलंत तर इथेच थांबेल."

परतताना टॅक्सी थांबवून त्यांनी मला नाक्यावरच्या चपलांच्या दुकानात नेलं. मी निळ्या उचलल्या. "नको ती. माज्यासारकी दिसतत. अदलाबदल होतली." तपकिरी घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची तयारी करत होते. नवरा आंघोळीला बसला होता. तपकिरी चपला मोरीतून धुऊन आलेल्या, पट्ट्यावर हळदकुंकू लावून देव्हाऱ्याखाली ठेवलेल्या. मी घालायला गेले.

"थांब. गाऱ्हाणा घालूचा ऱ्हवलाहा. तो येवंदे."

"आई, मला उशीर होतोय. उंबरा तर हलवलाय ना? मग गाऱ्हाणं कसलं?"

"चपला नवी असत. देवाक सांगल्याशिवाय घालूची नाय."

"मग मी अनवाणी उभी राहू का इथे?"

"उभी कित्याक ऱ्हवतं? हय खाटेर बस. आणि पाय वर घे."

मोरीत नवरा सावकाश तांब्याने पाणी घेत होता. मी पर्स मांडीवर घेऊन खाटेवर पाय वर घेऊन बसले.