झटकलेला पारा

कमळाकर घरत यांचा मला रागच यायचा, हे आधीच सांगून टाकते. पनवेलच्या आमच्या छोट्या शेतकी केंद्रात मी लिपिक आणि ते हवामान निरीक्षक. हुद्दा ऐकायला भारदस्त, पण काम एवढंच: रोज सकाळी मैदानातल्या पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडायचं, काल पारा कुठवर चढला होता ते तापमापकावर बघायचं, पेन्सिलीने वहीत लिहायचं आणि मग तापमापक झटकायचा. ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा त्याचाही पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. सव्वीस वर्षं हा माणूस हेच करत होता. गव्हाणचे त्यांचे चुलतभाऊ जमिनी विकून बंगल्यांत राहायला गेले आणि हे सुकापूरला दोन खोल्यांत.

जगभरचे विक्रम त्यांना तोंडपाठ. मी डबा उघडला की यांचं सुरू. अंटार्क्टिकात व्होस्तोकला उणे एकोणनव्वद पूर्णांक दोन. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत छप्पन पूर्णांक सात. पण सगळ्यांत लाडका किस्सा लिबियाचा. तिथले अठ्ठावन्न अंश नव्वद वर्षं जगात पहिल्या नंबरावर होते आणि दोन हजार बारा साली रद्द झाले, कारण म्हणे नवख्या निरीक्षकाने बहुधा चुकीचं वाचलं होतं.

"नव्वद वर्सांनी इज्जत गेली गो त्याची," कमळाकर म्हणायचे. कुणाच्या मरणाचंही त्यांना एवढं वाईट वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

यंदाच्या एप्रिलात एका मंगळवारी असं ऊन पडलं की कार्यालयातला पंखा गरम हवा अंगावर फेकत होता. खाडीकडून वारा आलाच नाही. त्याच दुपारी शिरढोणच्या बाजूला एका वीटभट्टीवर शुक्रा नावाचा कातकरी विटा वाहता वाहता पडला तो उठलाच नाही. आम्हाला हे कळलं गुरुवारी, त्याची बायको चिंगी आली तेव्हा.

ती फाटकापाशीच उभी राहिली. ठेकेदार सगळीकडे सांगत होता, दारू पिऊन पडला. तहसीलच्या चौकशी समितीने तिला सांगितलं होतं की त्या दिवशीच्या उन्हाचा आकडा आण.

"सायेब, माज्या दादल्यानं दारूला कदी हात लावला नाय," ती कमळाकरांना म्हणाली. "तो उन्हानं गेला. तुमच्याकडं ऊन लिवलेला असतो ना? तेवढा कागद द्या. पोरीला बापाचा नाव खाली मान घालून सांगाया नको."

मी वही उघडली. मंगळवारच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

कमळाकरांनी मला पेटीपाशी नेलं. तिथे त्यांनी खरं काय ते सांगितलं. बुधवारी सकाळी त्यांनी दार उघडलं तेव्हा पारा चव्वेचाळीसच्या वर होता. आमच्या केंद्रात कधी त्रेचाळीससुद्धा झाले नव्हते. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो विक्रम समोर होता आणि हा माणूस घाबरला.

"मना वाटला, पाऱ्याची रेघ मदीच तुटली आसंल. तुटली का आकडा खोटाच वर दिसतो. नवख्यासारका खोटा विक्रम लिवला तर? म्हणून रेघ जोडाया आदी झटकला."

"लिहायच्या आधी?"

"आदी."

झटकल्यावर पारा शहाण्यासारखा खाली आला. रेघ तुटलेली नव्हतीच. आपोआप नोंदणारं यंत्र दिवाळीपासून बंद. त्या दुपारचं ऊन जगात एकाच ठिकाणी उरलं होतं आणि ते यांनी हाताच्या एका झटक्याने पुसलं. नियम साधा आहे: आधी लिहायचं, शंका शेऱ्यात टाकायची. शिकाऊ पोरांना ते स्वतःच हे शिकवायचे.

"मग आता लिहा," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंय ना?"

"चव्वेचालीस पूर्णांक चार होता का सहा, तेवडा नक्की नाय आठवत. लिवला नाय तो आकडा नसतो, दमयंती."

माझं डोकंच फिरलं. बाई फाटकाशी उभी आहे आणि याला दशांश हवाय! मी नाही नाही ते बोलले.

त्यांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. समितीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: पारा चव्वेचाळीसच्या वर मी डोळ्यांनी पाहिला, नोंद करण्याआधी झटकला, चूक माझी. निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना. त्यांना कारणे दाखवा नोटीस आली, ती मीच टाइप केली. पुढचे तीन आठवडे ते रोज तहसीलला जात होते. आत घेत नसत तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहत. डब्याच्या वेळी विक्रम बंद झाले. भाजी गरम खायला मिळू लागली आणि ती गिळवत नव्हती.

मे महिन्यात चिंगी पुन्हा आली. हातात समितीचा कागद होता, चार घड्या घातलेला. तिला वाचता येत नाही. ओळखीचा शिकलेला माणूस म्हणून ती कमळाकरांकडे आली होती.

त्यांनी चष्मा लावला. मी मागेच उभी होते, मलाही दिसत होतं. त्या दिवसाच्या कमाल तापमानाची नोंद उपलब्ध नाही. आठवणीवरून दिलेली माहिती ग्राह्य नाही. उष्माघाताने मृत्यू झाल्याचे सिद्ध होत नाही.

"काय लिवलाय?" चिंगीने विचारलं.

एकेका शब्दावर बोट ठेवत कमळाकरांनी वाचलं, "शुक्रा उन्हानं गेला. दारूचा काई संबंध नाय. त्या दिवशी पनवेलात चव्वेचाळीस पूर्णांक सहा ऊन होता."

चिंगी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. किती दिवसांचं साठलेलं कोण जाणे. मला वाटलं, बरं केलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माणसासारखा वागला. माझे डोळे भरून आले होते.

तिने डोळे पुसले. कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि पोलक्यात जपून ठेवला.

"मनिषा माजी आश्रमशालेत नववीला हाय," ती म्हणाली. "शनवारी सुट्टीला येल. भट्टीवर ठेकेदाराला, सगल्यांना उभा करते आन तिलाच मोट्यानं वाचाया लावते."

कमळाकरांचा हात पुढे झाला, कागद परत मागायला. पण तोवर ती फाटकाबाहेर पडली होती, ताठ मानेने.