मामीच्या स्वयंपाकघराचं दार

मामांनी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि ट्रकात ठेवलं. ट्रक नेपाळला गेला. मामाही गेले.

ज्याला कुणाचं दान नाकारताच येत नाही, असा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमच्या मठानं नेपाळात, पशुपतिनाथाच्या वाटेवर दवाखाना बांधायचं ठरवलं आणि सामान जमवायचं काम मामांवर सोपवलं, तेव्हा पैसा घेणार नाही, वस्तू घेईन, असं मामांनी जाहीर केलं. मग बोरीहून फरशा आल्या, येलदरीच्या मासेमारांनी दोर दिले, देवगाव फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं लोखंडी टाकी दिली. "गळती हाय, अप्पा," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "असू दे, वाळू चाळायला व्हईल," म्हणत मामांनी टाकीला हार घातला. सगळ्यांत जास्त आली ती दारं. त्या वर्षांत घरोघरी लोखंडी दरवाजे बसत होते आणि जुनी सागवानी दारं गोठ्यात पडून होती. मामा प्रत्येकाला शब्द देत, "तुमचं दार लागल म्हंजे लागल." नकाशात खोल्या कमी पडल्या, तर त्यांनी नकाशा बदलला. लोक खोलीला दार लावतात. मामा दाराला खोली लावत.

नामांतराच्या दंगलीत बौद्धवाड्यातल्या गयाबाईंचं घर जळालं होतं. उरली होती फक्त चौकट, एका अंगानं काळी पडलेली. "दवाखाना हाय ना? मग न्या," त्या म्हणाल्या. मामांनी चौकट खांद्यावर आणली आणि भरलेल्या ट्रकाशेजारी उभं राहून सांगून टाकलं, "दर्शनी दाराला हीच."

दर्शनी दार पाटलांनी दिलेलं होतं. ते तरातरा आले.

"अप्पा, बौद्धवाड्यातल्या चौकटीत माझं दार लागणार न्हाई. ती हितंच ठिवा, न्हाईतर माझं दार परत द्या."

"मग तुमचं न्या."

"आन् दवाखान्याला म्होरं दार नको?"

"भोक राह्यलं तर राह्यलं. रोग्यांना सांगंन, हे आमच्या पाटलाचं भोक हाय. थंडी वाजली की नाव घ्या."

ट्रकवाला मोठ्यानं हसला. पाटील हसले नाहीत. दार बैलगाडीत घालून घेऊन गेले.

मामा घरी आले आणि पेचकस शोधू लागले. मामी भाकरी थापत होती.

"अवो, काय करायलाव?"

"माप बघायलोय."

"आन् दुधात मांजर शिरलं म्हंजे?"

"उन्हाळ्यात येतो की. नवं करून देतो."

दार गयाबाईंच्या चौकटीत बसलं. किंचित घासतं, पण लागतं, असं मामांनी नेपाळहून कळवलं. उन्हाळ्यात मात्र आले नाहीत. शब्द दिलेली दारं शिल्लक होती, त्यांच्यासाठी खोल्या बांधत राहिले. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि मामा त्याच दवाखान्यात गेले.

मामांचे दिवस झाल्यावर पाटील आपलं दार बैलगाडीत घालून आले. उंबऱ्याशीच उभे राहून म्हणाले, "वैनी, हे लावून घ्या."

मामीनं त्यांना चहा दिला. म्हणाली, "राहू द्या, पाटील. नवं करून देतो म्हणून गेलेत."

दवाखाना चालू आहे. मामीच्या स्वयंपाकघराला गोणपाट आहे.