तळहातावरची चव

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याला सगळे पिंपराव म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. मधली काही वर्षं मात्र ते नाव बंद पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला जठर कापून केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली, पिंपाची बाटली झाली, रक्तातली साखर आटोक्यात आली, गुडघे कुरकुरेनासे झाले. आणि मग गेलेलं वजन गुपचूप परत आलं की हो!

त्याला भीतीपेक्षा नवलच जास्त. चार घासांत पोट भरतं, मग हे येतं कुठून? घरचा काटा खोटा असेल म्हणून तो औषधवाल्याच्या काट्यावर चढला. तो तर आणखी दुष्ट निघाला. शेवटी म्हणाला, जाऊ दे, पुन्हा ऑपरेशन करून टाकू.

बायको त्याच कँटीनमध्ये भाजी चिरायची. हे ऐकून ती त्याला आधी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी काही लपवलं नाही. दुसऱ्या खेपेला आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, शिवलेला जोड गळण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, आणि गळला तर जिवावर बेतू शकतं. बऱ्याच जणांना फायदा होतो, पण वजन पहिल्याइतकं उतरेलच असं नाही.

"वजन का वाढलं ते कळल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवस जेवढं तोंडात घालाल तेवढंच एका पातेल्यात घाला. मग बघू."

दुसऱ्या दिवशी पातेलं कँटीनच्या ओट्यावर आलं. त्यात पावाचा तुकडा आणि अर्धं उकडलेलं अंडं. एवढ्यात चिमणीचं तरी भागेल का, असं विचारत पिंपराव ते सगळ्यांना दाखवत फिरला. मग हंडे चढले. त्याने पळीतला रस्सा तळहाताच्या वाटीत घेतला, चाटला, मीठ टाकलं. पातेल्यात काही पडलं नाही.

"अहो, आणि हे?" बायकोने विचारलं.

"हे खाणं नव्हे. ही चव."

तो खोटं बोलत नव्हता. जन्मभर ज्याचं काम चव बघणं, त्याला ते जेवण कसं वाटणार?

बायको वाद घालत बसली नाही. त्याने तळहात चाटला, की ती तेवढंच पातेल्यात टाकायची. रस्सा, सूप, सायीचं पुडिंग, साखरेचा पाक, पुन्हा रस्सा, कारण मीठ टाकलं की पुन्हा बघणं आलंच. दुपारी त्याने झाकण उचललं. पातेलं काठोकाठ भरलं होतं. त्याने झाकण ठेवलं आणि परत उचलून बघितलं.

"हे सगळं मी?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

पातेल्याची हकिगत ऐकून डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. पातळ पदार्थ त्या नळीत थांबतच नाहीत, सरळ खाली घसरतात, मग पोट भरल्याचं कळणार कसं? दुसरं ऑपरेशन केलं तरी रस्सा आपली वाट शोधणारच. नळी थोडी सैलावली आहे, पुढे सुरी लागेलही कदाचित, पण आधी काही महिने चव बंद करून बघा, असं त्यांनी सांगितलं.

सुरीला न घाबरलेला माणूस इथे पांढराफटक पडला. चव न बघणारा आचारी? लोक तोंडात शेण घालतील! त्यापेक्षा कापून घेतलेलं बरं, असं तो रस्ताभर पुटपुटत राहिला.

"तुम्ही गेलात तर मी कुणाच्या हातचं खाऊ?" बायको एवढंच म्हणाली.

सकाळी रस्सा उकळला. सवयीने पळी तळहातावर आली, हात तोंडाकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने तो हात बायकोपुढे धरला.

तिने चव घेतली.

"मीठ जास्त झालंय. रोजच होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं विचारलंत कुठे?"

त्याने तिच्याकडे रागाने बघितलं. मग हंड्यात गरम पाणी ओतलं, ढवळलं आणि हात पुन्हा तिच्यापुढे केला.