पाचशे नंबरचे बाण

बाणाच्या काडीवर छापलेला आकडा उलटा समजून घ्यायचा असतो. आकडा मोठा, तितकी काडी मऊ. तीनशे नंबरची काडी ताठ असते, पाचशेची लवते. दुबईत अल क्वोजमधल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे मला शिकवलं गेलं. शिकवणारा रत्नागिरीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो मागच्या वर्कशॉपमध्ये काड्या कापायचा, पिसं चिकटवायचा, टोकाला पाती बसवायचा. मी पुढे काउंटर सांभाळायचो. तो मला भाऊ म्हणायचा, मी त्याला मास्तर.

अमिरातीत शिकारीला बंदी आहे. आमची गिऱ्हाइकं आफ्रिकेत जाऊन शिकार करायची. कुणाला दोन धारांचं जाड पातं हवं, कुणाला आदळल्यावर उघडणारं. मी धनुष्याची ताकद विचारायचो, हाताची लांबी मोजायचो आणि काडी सुचवायचो. मास्तर मागून हसायचा. "भाऊ, तुम्ही घरात अंडं फोडत नाय, आणि हरणाच्या बरगडीला कुठलं पातं ते सांगताय!"

प्रत्येक ऑर्डरचं एक कार्ड असे. वर इंग्रजीत मापं, खाली शेऱ्याची एक ओळ. ती ओळ आम्ही मराठीत लिहायचो, कारण दुकानात ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नसे. "हात थरथरतो, हलकं धनुष्य द्या." "फक्त फोटोपुरता शिकारी." मालक लेबनॉनचा होता. त्याला वाटायचं, काहीतरी तांत्रिक टिपण आहे. आम्ही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

मग २००८ची मंदी आली. पुढच्या वर्षी आमच्या रस्त्यावरची निम्मी गोदामं बंद झाली. मालकाने नवा माल मागवणं थांबवलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, उन्हाळ्यानंतर एकालाच ठेवता येईल. तेव्हा माझी बायको आणि मुलगी माझ्याजवळ होत्या, इंटरनॅशनल सिटी वसाहतीतल्या भाड्याच्या घरात. मुलगी तिसरीत होती. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मास्तरची दोन मुलं गावी होती, त्यांना तो दोन वर्षांतून एकदा भेटायचा. माझ्याकडे जास्त कारण आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. हे मी कोणत्या मापाने मोजलं, ते आजही सांगता येत नाही.

त्याच दिवसांत एक वयस्क अरब गृहस्थ आले. जुनं गिऱ्हाईक, मृदू बोलणारे, हिंदी चांगली. तीन दिवसांनी आफ्रिकेला निघणार होते. धनुष्य जोरदार, त्याला तीनशे चाळीसच्या काड्या लागत. आमच्याकडे उरल्या होत्या पाचशेच्या.

"पाँच सौ तो और तगड़ा होगा ना?" त्यांनी विचारलं.

मी "जी" म्हणालो.

तेवढंच. दुकानाच्या मागच्या बाजूला नेम धरायची जागा होती. तिथे साध्या टोकाचे बाण मारून पाहिले, सरळ गेले. रुंद पातं लावल्यावर मऊ काडीचा बाण हवेत भरकटतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

मास्तरने कार्ड पाहिलं आणि तो बाहेर आला. "भाऊ, ही काडी लवणार. वर हे जड पातं. सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलंय. तू बसव."

त्याने पाती बसवली. प्रत्येक बाण टोकावर उभा करून फिरवून पाहिला. मग शेऱ्याच्या ओळीवर लिहिलं: "काडी नरम. या धनुष्याला देऊ नये. गिऱ्हाइकाला सांगावे." मी ते वाचलं आणि कार्ड फाइलमध्ये लावलं.

महिन्याभराने ते गृहस्थ परत आले. आवाज चढवला नाही. उरलेले बाण काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, बाण तिरका गेला, हरणाच्या मागच्या अंगात घुसला. ते पळालं. दोन दिवस रक्ताच्या थेंबांवरून शोधलं, मग थेंबही संपले. तिथल्या वाटाड्याने काडीवरचा आकडा दाखवून चूक सांगितली. "बेचारा," एवढंच ते हरणाबद्दल म्हणाले आणि निघून गेले.

मालकाने कार्ड काढलं, आम्हा दोघांना बोलावलं. मास्तर हिंदीत म्हणाला, "मैंने लिखा था, नरम है, मत दो."

मालकाने कार्ड माझ्यापुढे धरलं. "काय लिहिलंय? तू वाच."

मी वाचलं. म्हणजे, कार्डाकडे बघत म्हणालो, "तयार आहे. तपासलं."

मास्तर माझ्याकडे वळला. मराठीत म्हणाला, "मराठी विसरलात काय भाऊ?"

मालकाने विचारलं, तो काय म्हणतोय. मी म्हणालो, काही नाही. "खलास," मालक म्हणाला. पंधरा दिवसांत मास्तर गेला.

ज्यांच्यासाठी मी हे केलं असं मी स्वतःला सांगत होतो, त्या दोघीही वर्षाच्या आत पुण्याला गेल्या. पगार कमी झाला, घराचं भाडं परवडेना. मी जुन्या दुबईत, देरामध्ये तीन अनोळखी माणसांच्या खोलीत राहायला गेलो. काउंटर आणि वर्कशॉप, दोन्ही माझ्याकडे आलं. मी काड्या कापायचो, बाण टोकावर फिरवून बघायचो, आणि शेऱ्याच्या ओळीवर मराठीत लिहायचो. वाचणारा कुणी नव्हता. बायकोला मी यातलं कधी सांगितलं नाही. मुलगी फोनवर "फाइन, बाबा" म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची.

ते कार्ड मी फाइलमधून काढून माझ्याजवळ ठेवलं होतं. सात वर्षं.

एकदा दुकानात रत्नागिरीचाच एक ड्रायव्हर आला. बोलता बोलता त्याच्याकडून मास्तरचा नंबर मिळाला. दोन शुक्रवार नुसता नंबर बघत बसलो, तिसऱ्या शुक्रवारी फोन केला. मी नाव सांगितलं.

"बोला भाऊ."

मी कार्ड समोर धरलं होतं. त्यावरची ओळ त्याला जशीच्या तशी वाचून दाखवली. म्हणालो, मी खोटं बोललो होतो.

"मला कशाला वाचून दाखवताय? मीच लिवलंय ते. त्या मालकाला दाखवा वाचून." मग त्याने विचारलं, "तं हरीण गावलं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"हं," म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मालकासमोर उभा राहिलो. आधी ती ओळ मराठीत वाचली, मग हिंदीत सांगितली, मग "जी" कसं म्हणालो तेही सांगितलं. नोकरी गेली तर जाऊ दे, असं घरून ठरवून निघालो होतो. मालक आता थकला होता. त्याने चष्मा काढून कार्ड उलटसुलट पाहिलं, जणू आज त्याला वाचता येणार होतं.

"म्हणजे तो खरं सांगत होता," तो म्हणाला. "आणि मी त्याला खोटा ठरवून पाठवला."

मला त्याने काढलं नाही. पण त्यानंतर कधी माझ्यासोबत चहा घेतला नाही.

संध्याकाळी मास्तरला मेसेज केला: "वाचून दाखवलं." त्याने तो पाहिल्याची खूण लगेच आली. उत्तर चार दिवसांनी आलं.

"बरं."