ओट्यावर उभी राहून ऐकलेलं

पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हापासून माझी सून कमी बोलायची. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तेवढं बोलणंही थांबलं. ताटातली भाकरी तशीच राहायची. मला वाटलं, अंगात आळस भरलाय. पुणतांब्याच्या बाजारात भेटलेल्या बायकांना मी तसं बोलूनही दाखवलं.

सहाव्या महिन्यात गावातली आशा सेविका तिचं वजन करायला आली. सुनेच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "काकू, तुमी जरा बाहेर थांबा."

माझ्याच घरातून मला बाहेर काढलं, याचा राग आला. ओट्यावर उभी राहून मी कान देत होते. आत सेविकेनं सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का गं?"

"व्हय," सून म्हणाली.

मी मुलाला हाक मारली.

त्याच दिवशी मुलानं रिक्षा केली आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भीती कशाची वाटते?" सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई रोज म्हणतात, ह्या येळी तरी नीट जप."

मी ते मायेनं म्हणत होते.

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंशी बोलायला जायचं ठरलं. तिला एकटं सोडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. तरी एका दुपारी मी दळण घेऊन आले, तर मुलाचा बसल्या जागी डोळा लागलेला आणि सून घरात नाही. मोरी बघितली, गोठा बघितला. मग विहिरीकडे पळाले.

ती विहिरीच्या अलीकडे, पेरूच्या झाडाखाली बसली होती.

"घरात लई कोंडल्यासारखं झालं," ती म्हणाली.

मी ओरडणारच होते. पण खाली बसले आणि नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं ते बोलून गेले. "माझंबी पहिलं गेलं हुतं. नीट जपूनसुद्धा."

तिनं वर बघितलं. "मग तुमी काय केलं?"

"काय न्हाई. कुणी विचारलंच न्हाई."

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.

मुलगी झाली. बाळंतपणानंतरही गोळ्या बरेच महिने चालल्या. अजूनही मधूनच तिचा चेहरा उतरतो. परवा स्वतःच म्हणाली, "आई, आज बरं वाटत न्हाई. दवाखान्यात जाऊ."

मी नातीला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या.